मधल्या पट्टीवरचं कुंकू

कॅमेरा पेटीतून बाहेर काढला की कारखान्यातला कुणीतरी पुढे येतो आणि आपलं कपाळ समोर धरतो. नगर जिल्ह्यात कुठेही जा, यात फरक नाही. "साहेब, बघा बरं ताप हाय का." करोनाच्या दिवसांत गेटवर कपाळाला यंत्र लावून घ्यायची जी सवय लागली, ती अजून गेलेली नाही. मीही नाही म्हणत नाही. पडद्यावर त्याचा केशरी चेहरा आणि निळं नाक दाखवतो. थंडीत नाक निळंच येतं. मग चहाचा कप दाखवायचा. मग नुकत्याच उठून गेलेल्या सुपरवायझरची खुर्ची दाखवायची, तिच्यावर त्याच्या बैठकीचा पिवळा ठसा उरलेला असतो. ही शेवटची गोष्ट मंडळींना सगळ्यांत जास्त आवडते. साहेब सकाळपासून हललेले नाहीत, याचा तो पुरावाच असतो.

माझं काम मात्र खुर्च्यांचं नाही, विजेच्या पॅनेलचं आहे. मोठ्या कारखान्यात वीज जाड पट्ट्यांमधून फिरते आणि त्या पट्ट्या जागोजागी नट-बोल्टांनी जोडलेल्या असतात. एखादा जोड ढिला पडला की तो तापायला लागतो. डोळ्यांना काही दिसत नाही, वास येत नाही, आणि एके दिवशी तो जळतो. उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने तो आधीच ओळखायचा आणि कागदावर लिहून द्यायचं, एवढंच माझं काम. एमआयडीसीतल्या देखभाल खात्यात वीसएक वर्षं काढल्यावर नोकरी सोडली, हा कॅमेरा घेतला, पुण्याला जाऊन तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आणि प्रमाणपत्र लॅमिनेट करून घेतलं. लॅमिनेट करायची घाई मला फार होती.

तर त्या पहिल्याच वर्षातली ही गोष्ट आहे. माझ्या अहवालातल्या एका ओळीमुळे एका माणसाच्या हातून त्याचं पॅनेल काढून घेतलं गेलं, आणि महिनाअखेर त्याची नोकरीही जाणार होती. चूक माझी होती. ती माझी आहे हे मला कळल्यावरसुद्धा मी अकरा दिवस गप्प बसलो. हे मी आजवर दोन-तीन जणांनाच सांगितलंय, आणि सांगताना दर वेळी दिवस थोडे कमी केलेत. खरे अकराच होते.

श्रीरामपूरच्या बाजूला एक दुधाचा प्लांट होता. आसपासच्या गावांचं दूध सकाळ-संध्याकाळ तिथे यायचं, तपासलं जायचं, थंड व्हायचं आणि टँकरने पुढे जायचं. तिथला इलेक्ट्रिशियन साठीला टेकलेला, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. सगळे त्याला काका म्हणत. पॅनेल बसलं तेव्हापासून ते काकांच्या ताब्यात होतं. माणूस ख्रिस्ती, घराण्यात तीन-चार पिढ्यांपासून चर्चला जाणारे, रविवारी प्लांटवरून फोन केला तर प्रार्थना संपल्याशिवाय उचलायचा नाही. पण खंडेनवमीला पॅनेलची पूजा काकांच्याच हातची. कारण साधं होतं. पॅनेलच्या आत दुसऱ्या कुणाचा हात गेलेला त्यांना चालत नसे, मग तो हळदकुंकवाचा का असेना.

त्या दिवशी सकाळचं दूध उरकलं की दुपारी वीज बंद ठेवायची पद्धत होती. त्या वेळात काका पॅनेल उघडत, धूळ काढत, नट आवळत, आणि तांब्याच्या पट्ट्या पॉलिश पेपरने घासत. घासत म्हणजे किती, तर सणाला बायका देवाची भांडी चिंचेने घासतात तितक्या. त्यात तोंड दिसलं पाहिजे. मग वॉचमन झेंडूची माळ दाराला बांधायचा, आणि काका तिन्ही पट्ट्यांवर जोडाच्या शेजारी ओल्या कुंकवाचा एकेक ठिपका लावायचे. नारळ मॅनेजर फोडायचे.

मी गेलो दसऱ्यानंतर चार-पाच दिवसांनी, संध्याकाळचं दूध यायच्या वेळेला. तेव्हा कंप्रेसर पूर्ण जोरात चालू असतात आणि पट्ट्यांमधून भरपूर वीज जाते. तपासणीला अशीच वेळ लागते. बघायला आठ-दहा माणसं जमलेली. कपाळं झाली, चहाचा कप झाला, खुर्ची झाली. मी चांगला रंगात आलो होतो.

काकांनी दार उघडलं. मी लांबूनच कॅमेरा रोखला. पट्ट्या पडद्यावर थंडगार निळ्या. फक्त कुंकवाचे तीन ठिपके उजळ दिसत होते. कडेचे दोन पिवळसर, चाळीस अंशांच्या आसपास. मधला पांढरा, सत्तरच्या वर.

काका माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "साहेब, मधला ठिपका लई उजळ दिसतोय."

"ते कुंकू आहे काका."

"कुंकू तिन्हींवर हाय. मधलंच का तापलंय?"

प्रश्न इतका बरोबर होता की आज आठवला तरी कानशिलं गरम होतात. पण मला प्रशिक्षणातलं अर्धं वाक्य पाठ होतं. वेगवेगळ्या पृष्ठभागांवर कॅमेरा फसतो, हे ते अर्धं. मी ठरवून टाकलं की कॅमेरा कुंकवावर फसतोय. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. समोर माणसं होती, माझा रंग चढलेला होता.

"काका," मी म्हणालो, "रविवारी तिकडं आणि खंडेनवमीला इकडं. दोन्हीकडचे देव सांभाळता, म्हणून तुम्हाला ठिपक्यात पण चमत्कार दिसतो."

सगळे हसले. काकाही हसले, उशिरा आणि थोडेसे. मग त्यांनी पॅनेलचं दार लावलं.

अहवालात मी लिहिलं: सर्व जोडांचं तापमान सामान्य. आणि आपण बारकाईने बघतो हे दाखवायला शेवटी एक ओळ जोडली: "मुख्य पट्ट्यांवर कुंकू लावलेले आढळले. ते काढून टाकावे." पॅनेलचे साधे फोटो जोडले. मॅनेजर इतके खूश झाले की त्यांनी आणखी तीन ठिकाणी माझं नाव सुचवलं.

दिवाळी होऊन दहाएक दिवस झाले असतील. एका सकाळी, दूध यायच्या ऐन वेळेला, तो मधला जोड जळाला. पॅनेलच बंद पडल्यामुळे जनरेटर असूनही उपयोग नव्हता. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. कॅन घेऊन आलेली माणसं रांगेत उभी, आत टाक्यांमधलं दूध तापायला लागलेलं. जेवढं टँकरने दुसरीकडे धाडता आलं तेवढं धाडलं, उरलेलं ज्याला हवं त्याला दिलं. त्या दिवशी आसपासच्या प्रत्येक वस्तीवर बासुंदी शिजली असं नंतर ऐकलं. काही लोक अजून त्या दिवसाची चांगली आठवण काढतात.

मॅनेजरना मात्र वर उत्तर द्यायचं होतं. त्यांनी माझा अहवाल काढला. पहिल्या पानावर तापमान सामान्य, शेवटी कुंकू काढून टाकावे, आणि फोटोत लालभडक ठिपके. कुंकू काढलेलं नव्हतं, कारण पॅनेल परत बंद करायला वेळच मिळाला नव्हता. निष्कर्ष तयार होता. कुंकवाने ओल धरली, त्यातून बिघाड झाला, आणि कुंकू काकांनी लावलं. मला फोन आला. "तुम्ही आधीच लिहिलं होतं. आमच्याच माणसाने ऐकलं नाही." मी म्हणालो, "हं." एवढंच म्हणालो. त्या वेळी मलाही ते खरं वाटत होतं, पण पूर्ण नाही. तो पांढरा ठिपका डोळ्यांपुढून हलेना.

काकांना पॅनेलवरून काढून विहिरीवरच्या मोटारीवर बसवलं. महिनाअखेर काम थांबवायचं पत्र तयार होतंय असं कळलं.

तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. पहिल्या गुरुवारसाठी बायकोने तांब्याचा कलश चिंचेने घासून, त्यावर हळदकुंकवाची बोटं ओढून ओट्यावर ठेवला होता. मी तो बघितला आणि थांबलो. ती बाहेर फुलं आणायला गेलेली. मी गीझरचं कढत पाणी त्यात ओतलं, कपाटातून कॅमेरा काढला आणि कलशावर रोखला.

कलश थंड दिसत होता. हात लावला तर चटका बसला. कॅमेऱ्यात मात्र निळा, आणि त्या निळ्यात एक फिकट आकृती हलत होती. ती माझीच होती. चकचकीत तांबं आपली उष्णता बाहेर टाकत नाही म्हटलं तरी चालेल, आणि समोर जो उभा असेल त्याची उष्णता आरशासारखी परत दाखवतं. कुंकवाची बोटं तेवढी पांढरीशुभ्र दिसत होती. त्या कलशाचं खरं तापमान फक्त कुंकू सांगत होतं.

हे पुण्यात शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर. जेवणात पुरणपोळी होती. मी वही काढून बघितली. त्या पानावर अर्धं वाक्य होतं आणि पुढे पेन घसरत गेल्याची रेघ.

"गुरुवारच्या कलशात आंघोळीचं पाणी ओतलंत?" बायको दारात उभी होती.

"तपासत होतो."

"काय तपासत होता? देवीला ताप आलाय का?"

मी ओट्याला टेकून तिला सगळं सांगितलं. पट्ट्या घासल्यामुळे कॅमेरा त्यांच्यावर आंधळा झालेला, कुंकवाचा ठिपका खरं सांगत होता, काकांनी तो दाखवलाही, मी हसलो. तिने ऐकून घेतलं, कलश पुन्हा घासायला घेतला आणि म्हणाली, "मग उद्या जाताय ना?"

मी उद्या गेलो नाही. परवाही नाही. मला कारणं फार चांगली सुचतात. आधी बाकीच्या तीन ठिकाणी पुन्हा तपासणी करू, मग जाऊ, असं ठरवलं. ते खरंच केलं, पट्ट्यांवर कुंकवासारखंच खरं तापमान दाखवणारी काळी टेप चिकटवून. तिथे सगळं ठीक निघालं, आणि आता सांगायला काही अडचण नाही असं वाटण्याऐवजी, आता कुणाला कळणारही नाही, असं वाटलं. हा विचार माझ्या मनात आला आणि चांगला दोन दिवस राहिला. मग पत्र लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात पॉलिश पेपरचा दोष होता. दुसऱ्यात प्रशिक्षण देणाऱ्यांचा. बायकोने तिसरा वाचला आणि म्हणाली, "यात तुम्ही कुठं आहात?" जोड मुळात ढिला राहिला यात काकांचंही थोडं चुकलं असेल, असं चौथ्यात होतं. असेलही. पण जोड ढिले होतातच, म्हणून तर मला बोलावलं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी गाडी काढली.

विहिरीवर काका एका उलट्या कॅनवर बसले होते. मोटार चालू होती.

"या साहेब. मोटार तपासायला धाडलं का काय?"

"नाही. तुमच्याशीच बोलायचं होतं."

"बोला की. हितं मोटारीबिगर ऐकायला कोन हाय?"

मी उभ्याउभ्याच सांगितलं. कलश, कुंकू, निळ्या पट्ट्या, सगळं. मध्ये थांबलो असतो तर पुढचं बोललो नसतो. काका माझ्याकडे बघत नव्हते, पाइपातून पडणाऱ्या पाण्याकडे बघत होते.

"म्हंजी ठिपका खरा हुता."

"हो."

"आन पट्टी खोटी?"

"पट्टी तापलेलीच होती. मला वाचता आली नाही."

"व्हय. हे तुमाला कदी कळलं?"

याच प्रश्नासाठी मी गाडीत तासभर उत्तर जुळवत आलो होतो. "अकरा दिवस झाले," मी म्हणालो.

काकांनी मान हलवली. "अकरा दिसांत ह्या मोटारीला मी तीनदा ग्रीस भरलं. तिला गरज न्हवती." मग ते हसायला लागले. "साहेब, आमच्या घरात कुंकवाची डबीच न्हाई. आज्याच्या काळापासनं न्हाई. आन गावात म्हनत्यात, कुंकवापायी गेला. चर्चमंदी परवा एकानं इचारलं, काका, तुमी कदीपासनं कुंकू लावाया लागले?"

मला हसता येईना. काका मला हसवायचा प्रयत्न करत होते, हे कळल्यावर तर अजिबातच येईना.

"मी मॅनेजरना सांगतो," मी म्हणालो. "लेखी देतो. आत्ता जातो."

"आत्ता नगा जाऊ. केबिनात सांगून काय? केबिनातलं केबिनात ऱ्हातंय." त्यांनी मोटारीवर हात ठेवून बघितला, तळहाताच्या उलट्या बाजूने, जुन्या इलेक्ट्रिशियनची पद्धत. "चारच्या चहाला सांगा. त्या दिशी हसली ती समदी चहाला असत्यात. आन मॅनेजर बी येतो, बिस्किटं त्याचीच असत्यात."

चारपर्यंत मी विहिरीवरच बसलो. काकांनी डबा उघडला, अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. मी खाल्ली. नको म्हणायची माझी लायकी नव्हती.

चहा दूध उतरवायच्या फलाटावर होता. मी किटलीजवळ उभा राहिलो आणि म्हणालो, मला एक सांगायचंय. लोकांना वाटलं कपाळाचा कार्यक्रम आहे. एक जण पुढे सरकलाही. मी सांगायला लागलो तसा तो मागे गेला. त्या दिवशी काकांना मी काय बोललो, तेही शब्द मी पुन्हा म्हणून दाखवले आणि ते बोलायला नको होते असं म्हणालो. या वेळी कुणी हसलं नाही. बिस्किट चहात बुडवून धरलेल्या एकाचं बिस्किट तुटून पडलं, त्याने ते बोटाने काढायचा प्रयत्नही केला नाही.

मॅनेजरना सगळं पटायला वेळ लागला. "पण अहवालात तर कुंकू काढा असं तुम्हीच..."

"हो. तेवढी एकच गोष्ट खरी दाखवत होती, आणि ती पुसायला मी सांगितलं."

दुधाचं फॅट मोजणाऱ्या ताई तपासणीच्या टेबलाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमी कॅन ढवळल्याबिगर नमुना घेत न्हाई. वरचं वर घेतलं तर सायच येती नळीत, फॅट जादा लागतंय. शेतकरी खूश, आन प्लांट बुडाला." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमी न ढवळताच नळी लावली."

"हो ताई. तसंच झालं."

"लई मोठा कॅमेरा घेऊन," त्या म्हणाल्या आणि पुन्हा आपल्या नळ्यांकडे वळल्या. इतका नेमका अहवाल मला कधी लिहिता आला नाही.

मॅनेजर चिडले, आणि चिडणं त्यांच्या हक्काचं होतं. वरपर्यंत त्यांनी एक उत्तर दिलेलं, आता दुसरं द्यायचं. पुन्हा कधी बोलावणार नाही असं त्यांनी मला तिथल्या तिथे सांगितलं. मी पाचवा मसुदा खिशातून काढून दिला. तो सहा ओळींचा होता, आणि त्यात फक्त मीच होतो. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी केली आणि काकांना म्हणाले, "उद्यापासून पॅनेलवर या. पत्र मी फाडतो."

"फाडा," काका म्हणाले. "पर उद्या दुपारी वीज बंद द्या अर्धा तास. नवीन जोड कसा हाय ते मला बघायचंय. ह्यांच्या कॅमेऱ्यानंच."

"यांच्याच?"

"चूक ह्यांना ठाव झालीय. दुसरा आनला तर त्याला परत पहिल्यापासनं शिकवावं लागंल."

मॅनेजरांनी माझ्याकडे न बघता हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज बंद करून काकांनी प्रत्येक जोडाशेजारी काळ्या टेपचा तुकडा चिकटवला. माझ्याकडून एकही लावून घेतला नाही. संध्याकाळचं दूध आलं, कंप्रेसर चढले. काकांनी दार उघडलं आणि माझ्यापुढे हात केला. मी कॅमेरा त्यांना दिला. कुठलं बटण दाबायचं ते एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली नाही. त्या दिवशी हसलेली माणसं मागे उभी होती, पण कपाळ कुणी पुढे केलं नाही.

"डावी, एकोणचाळीस," काका म्हणाले.

मी वहीत लिहिलं.

"मधली, एकेचाळीस."

लिहिलं.

"उजवी, एकोणचाळीस."

मी मान खाली घालूनच आकडा टाकला. काका थांबले. कॅमेरा तसाच रोखलेला ठेवून, पडदा माझ्याकडे वळवून ते म्हणाले, "आदी बघा साहेब. मग लिवा."

मी पेन बाजूला ठेवलं आणि पुढे होऊन बघितलं.